वाचल्याचा पुरावा: सटीप संदर्भसूची आणि तिची मांडणी

एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने आपल्या नियतकालिकांच्या लेखकांसाठी ज्या सूचना तयार केल्या, त्यांत संदर्भ कसा लिहावा हे दाखवणारा एक नमुना होता. वान डर गीर आणि त्यांचे दोन सहलेखक, साल २०००, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा निबंध, नियतकालिकाचे नाव, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९. तपशील सगळे जागच्या जागी. मात्र असा निबंध कधी छापलाच गेला नव्हता. तरीही २०१७ मध्ये अॅन-विल हार्झिंग या अभ्यासक महिलेने या प्रकाराला वाचा फोडली, तोवर या नसलेल्या निबंधाचा हवाला सुमारे ४०० वेळा दिला गेला होता. बहुतेक ठिकाणी, परिषदांसाठी निबंध लिहिणाऱ्यांनी नमुन्यातली ओळ पुसायची विसरून तशीच राहू दिली होती. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नाही. संदर्भाचे रूप निर्दोष असू शकते आणि त्यामागे काहीच नसू शकते, हे तिने दाखवून दिले. महाविद्यालयात संदर्भसूची शिकवताना आपला सगळा भर त्या रूपावरच असतो: स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, साल आधी की नाव आधी. म्हणूनच संदर्भसूचीच्या सगळ्या प्रकारांत सटीप संदर्भसूचीला वेगळे महत्त्व आहे. रूपामागे वाचन आहे की नाही, हे तिथे झाकता येत नाही.

सटीप संदर्भसूची म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येते. नेहमीच्या सूचीत पुस्तकाची किंवा लेखाची नोंद असते; इथे प्रत्येक नोंदीखाली त्या साधनावर एक छोटी टीप असते, साधारणपणे १०० ते २०० शब्दांची. साधनात काय आहे, ते कितपत भरवशाचे आहे आणि आपल्या अभ्यासाला त्याचा काय उपयोग आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या टिपेत असावीत अशी अपेक्षा असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सुरू झालेल्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग खुला आहे. त्यामुळे पूर्वी एम. ए. नंतर भेटणारे हे काम आता विशीतल्या विद्यार्थ्यासमोर येऊन उभे राहते. ते सोपस्कार म्हणून उरकायचे की अभ्यासाचा पाया म्हणून करायचे, हे बरेचसे ते कसे समजावले जाते यावर ठरते. या लेखाचे म्हणणे असे: नोंद वाचकाला साधनाचा पत्ता देते आणि टीप ते साधन वाचल्याची ग्वाही देते. मांडणीचा प्रत्येक नियम या दोन कामांसाठी आहे. नियमाचे कारण कळले की तो पाठ करावा लागत नाही, आणि जिथे नियमच नाही तिथे काय करावे हेही उमगते.

न वाचता हवाला देणे हा काही आजचा रोग नाही. मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये त्याचे मोजमाप करण्याची नामी युक्ती काढली. एका नामांकित शोधनिबंधाचे सुमारे ४,३०० हवाले त्यांनी तपासले. त्यांतल्या १९६ हवाल्यांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठक्रमांकातली एकच चूक तर ७८ ठिकाणी जशीच्या तशी आढळली. इतक्या माणसांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणे अशक्य, म्हणजे त्यांनी मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून ओळ उचलली होती. यावरून त्या दोघांनी असा अंदाज बांधला की हवाला देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ निबंध वाचत असावेत. हा अंदाज आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो; ज्याने ओळ उतरवून घेतली त्याने निबंध वाचलाच नसेल असे नाही. पण सूचीतली ओळ वाचनाचा पुरावा ठरत नाही, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात हीच गोष्ट अधिक ठळकपणे समोर आली. चॅटजीपीटीने रचलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या खटल्यांचे हवाले वकिलांनी अर्जात दिले आणि न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. त्या हवाल्यांत पक्षकारांची नावे होती, वर्षे होती, खंड-पृष्ठे होती. नव्हते ते फक्त खटले.

सूचीत टीप जोडण्याची कल्पना या अडचणींहून फार जुनी आहे. बगदादच्या इब्न अल-नदीमने दहाव्या शतकाच्या अखेरीस अरबीतल्या ग्रंथांची जी ‘फिहरिस्त’ केली, तीत लेखकांविषयीची माहिती आणि शेरे आहेत. झुरिकच्या कॉनराड गेसनरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची विश्वसूची छापली आणि अनेक ग्रंथांवर सारांश आणि मत नोंदवले. गंमत म्हणजे गेसनरने लेखक आडनावाने नव्हे, तर पहिल्या नावाने लावले होते. आज अढळ वाटणारे नियमही कधीतरी कोणीतरी ठरवलेले असतात, हे यावरून लक्षात यावे. आपल्याकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे जे अहवाल लिहिले, ते याच जातीचे काम होते. हाती आलेल्या पोथ्यांची नुसती मोजदाद करून ते थांबले नाहीत. ग्रंथात काय आहे, कर्ता कोण, काळ कोणता याची चिकित्सा त्यांनी केली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली आणि मराठीच्या अभ्यासकाला पुस्तकांचा पत्ता मिळवून दिला. दात्यांनी पत्ता दिला, भांडारकरांनी परीक्षाही केली. विद्यार्थ्याची सटीप सूची लहान प्रमाणावर ही दोन्ही कामे करते.

आता मांडणीच्या पद्धतींकडे वळू. जगभर तीन पद्धतींचा बोलबाला आहे. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजे एपीए पद्धतीची सुरुवात १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानी लेखाने झाली. तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. एमएलए ही भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची पद्धत, तिची पहिली पुस्तिका १९५१ ची. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली सर्वांत जुनी, १९०६ ची. तिन्हींमधला फरक विषयांच्या स्वभावातून आला आहे. विज्ञानात आणि समाजशास्त्रात निष्कर्ष झपाट्याने जुना होतो, म्हणून एपीएमध्ये लेखकाच्या नावालगतच साल येते. साहित्यात शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी शिळी होत नाही, तिथे नेमके कोणत्या पानावर काय म्हटले हे महत्त्वाचे; म्हणून एमएलए मजकुरात नावासोबत पृष्ठांक मागते आणि साल नोंदीच्या शेवटाकडे ढकलते. इतिहासकाराला पत्रे, दफ्तरे, सनदा यांचा हवाला द्यावा लागतो, जो कंसात मावत नाही. म्हणून शिकागोची एक पद्धत तळटिपांवर चालते. आपल्या विभागाने कोणती पद्धत सांगितली आहे ते पाहावे, सांगितली नसेल तर विषयाच्या स्वभावाला जुळणारी निवडावी आणि शेवटच्या नोंदीपर्यंत तीच पाळावी. दोन पद्धतींची भेसळ झाली की वाचकाला प्रत्येक ओळीत साल शोधत बसावे लागते.

कागदावरची मांडणीही शोधण्याच्या सोयीसाठीच आहे. नोंदीची पहिली ओळ डाव्या समासाला टेकलेली असते आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत सरकतात. त्यामुळे लेखकांची नावे डावीकडे मोकळी उभी राहतात आणि वरून खाली नजर फिरवली की हवे ते नाव सापडते. टीप नोंदीच्या खाली नव्या परिच्छेदात येते. एपीएमध्ये तो अख्खा परिच्छेद अर्धा इंच आत असतो, एमएलएमध्ये एक इंच. टीप समासापर्यंत आणली तर नावांची ही रांग मोडते आणि सूची निबंधासारखी दिसू लागते. ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवायचे ते तपासणाऱ्याला शेरा लिहायला जागा मिळावी म्हणून. नोंदी वर्णक्रमाने लावायच्या; विषय मोठा असेल आणि शिक्षकांची हरकत नसेल, तर आधी मूळ साधने आणि दुय्यम साधने असे गट पाडून प्रत्येक गटात वर्णक्रम ठेवता येतो. टिपेत त्याच पुस्तकाविषयी बोलताना लेखकाचे नाव आणि साल पुन्हा कंसात देण्याची गरज नसते, कारण नोंद डोक्यावरच आहे. दुसऱ्या साधनाचा उल्लेख आला तर मात्र त्याचा हवाला द्यावा लागतो. एवढे ध्यानात ठेवले की मांडणीचा नव्वद टक्के भाग सुटला.

खरी अडचण पुढे आहे. हे नियम इंग्रजीसाठी घडले, आणि सूचीत मराठी पुस्तके आली की अनेक प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर नसते. शीर्षकातली कोणती अक्षरे मोठी लिहावीत याचा एपीए आणि एमएलएमधला वाद देवनागरीत उद्भवतच नाही. पण शीर्षक तिरक्या अक्षरांत द्यावे हा नियम देवनागरीला मानवत नाही. यंत्राने वाकवलेली अक्षरे वाचायला त्रास होतो, म्हणून ठळक ठसा किंवा अवतरणचिन्हे बरी. वर्णक्रमाचे तर संगणकावर सोडूच नये. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवले आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे निव्वळ तक्त्यावर चालणारी आज्ञावली काळे हे आडनाव काशीकरांच्या आधी लावते, आणि मराठी वाचक ते काशीकरांनंतर शोधतो. जुन्या पुस्तकांवर फक्त शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन द्यावा आणि मूळ शकही ठेवावा. शक चैत्रात बदलतो, म्हणून शके १८४७ म्हणजे १९२५-२६ असे जोडसाल लिहिणे अधिक प्रामाणिक. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाने लावण्याचा अट्टहास करू नये. टोपणनाव असेल तर पुस्तकावर छापलेले नाव आधी आणि खरे नाव चौकटी कंसात द्यावे. मराठी आणि इंग्रजी साधने एकत्र मिसळण्यापेक्षा दोन स्वतंत्र विभाग करणे सोयीचे.

हे सगळे एका उदाहरणात एकत्र पाहता येईल. समजा विषय आहे ‘मराठीत रुळलेले फारसी शब्द’. पहिले साधन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. तो १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. नंतरची पुनर्मुद्रणे आणि शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणलेले रूप या दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेले आहे. म्हणजे नोंदीत नुसते ‘मोल्सवर्थ’ लिहून भागत नाही. आपण कोणती आवृत्ती हाताळली ते सांगावे लागते, नाहीतर १८३१ मध्ये अमुक शब्द प्रचारात होता असे विधान १८५७ च्या पुराव्यावर केले जाईल. दुसरे साधन माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश. हेच पटवर्धन कवी म्हणून माधव जूलियन. कोश एका नावाने आणि कविता दुसऱ्या नावाने सूचीत आल्या, तर परस्परनिर्देश नसल्यास वाचकाला ते दोन लेखक वाटतील. तिसरे साधन शिवकालीन राजव्यवहारकोश. त्याचे कर्तृत्व परंपरेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे जाते, पण आपल्या हातात येते ती आधुनिक संपादकाने छापलेली प्रत. तेव्हा संपादकाचे नाव आणि प्रकाशनाचे साल दिल्याशिवाय पृष्ठांकाला अर्थ राहत नाही. तीन पुस्तके, तीन वेगळ्या अडचणी, आणि प्रत्येक अडचणीचे उत्तर एकच: दुसरा माणूस नेमक्या याच प्रतीपर्यंत पोहोचू शकेल असे लिहा.

आता टीप. विद्यार्थी मोल्सवर्थविषयी बहुधा असे लिहितो: ‘हा अत्यंत महत्त्वाचा आणि उपयुक्त कोश आहे. यात अनेक शब्दांचे अर्थ दिले आहेत. माझ्या विषयासाठी तो खूप मोलाचा ठरला.’ ही टीप जगातल्या कोणत्याही कोशाखाली चिकटवता येईल, आणि हीच तिची परीक्षा. जी टीप दुसऱ्या पुस्तकाखाली तशीच चालते ती टीप नव्हे. तिच्या जागी असे लिहिता येईल: ‘एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील मराठीचा विस्तृत कोश. शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी असे मूळ सांगणाऱ्या खुणा असल्याने फारसी शब्द वेगळे काढता येतात. बोलीतील प्रयोग आणि म्हणी नोंदवल्यामुळे दरबाराबाहेरील वापरही कळतो. मात्र शब्द मराठीत कधी आला, हे सांगणारे कालनिर्देश नाहीत. त्यासाठी राजव्यवहारकोशाशी तुलना आवश्यक. पण तो कोश फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रचलेला असल्याने त्यात राज्यकारभारातील शब्दच प्रामुख्याने येतात.’ इथे साधनाचे स्वरूप आहे, बलस्थान आहे, मर्यादा आहे आणि दुसऱ्या साधनाशी त्याचे नाते आहे. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. टिपा एकमेकींशी बोलू लागल्या की विद्यार्थ्याच्या हाती प्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा आपोआप येतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे सगळे आता झोटेरो किंवा मेंडेलीसारखी संदर्भ मांडून देणारी संगणकीय साधने करतात, मग नियम शिकायचे कशाला? ही साधने जरूर वापरावीत. शेकडो नोंदींची पद्धत एका क्षणात बदलण्याचे काम माणसाने हाताने करू नये. पण ती साधने भरलेली माहिती मांडतात, माहिती खरी आहे का ते पाहत नाहीत. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींत संपादक लेखक म्हणून, पुनर्मुद्रणाचे साल मूळ साल म्हणून बसलेले सर्रास आढळते. ही चूक ज्याला नियमाचे कारण माहीत आहे त्यालाच दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टीपसुद्धा आता यंत्राकडून लिहून घेता येते, मग ती वाचल्याची ग्वाही कशी? प्रश्न रास्त आहे. सारांशापुरती टीप मागितली तर ती ग्वाही उरणारच नाही. म्हणून टिपेत पडताळता येतील अशा गोष्टी मागाव्यात: हाताळलेल्या प्रतीची आवृत्ती, आधारभूत मुद्द्याचा पृष्ठांक, आपल्या प्रश्नाशी संबंध, सूचीतल्याच दुसऱ्या साधनाशी मतभेद. यंत्र पृष्ठांकही रचून देईल. पण रचलेला पृष्ठांक पुस्तक उघडताच उघडा पडतो. आणि टीपकर्त्याला तोंडी दोन प्रश्न विचारायला शिक्षकाला पाच मिनिटे पुरतात.

तिसरा आक्षेप आहे तो, हा परक्यांचा काथ्याकूट आपण का करावा, असा. नियम परके असतील, गरज परकी नाही. आपल्याकडे ‘अनेक विद्वानांच्या मते’ असे मोघम लिहून पुढे जाण्याची सवय जुनी आहे, आणि तिच्यामुळे कोणाचे मत, कोणत्या आवृत्तीत, हे शोधण्यात पुढच्या अभ्यासकाचे महिने जातात. चौथा आक्षेप वेळेचा: एका सत्रात सहा विषय असताना वीस टिपा लिहिणार कधी? याचे उत्तर संख्या कमी करणे हे आहे, टीप गाळणे हे नाही. आणखी एका गोष्टीचे भान हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार लेखनातले साम्य तपासताना संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच, कारण एकाच पुस्तकाची नोंद सगळीकडे सारखीच असणार. पण टीप हे विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखन आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर किंवा निबंधाचा छापील गोषवारा तिथे उतरवणे ही वाङ्मयचोरीच आहे, मग आज्ञावलीने ती पकडो वा न पकडो.

तेव्हा विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की पुस्तक हातात असतानाच आवृत्ती, साल आणि पृष्ठांक टिपून घ्या, त्याच दिवशी चार ओळींची कच्ची टीप लिहा आणि मांडणी शेवटी एकदाच नीट करा. न उघडलेल्या पन्नास पुस्तकांच्या यादीपेक्षा वाचलेल्या आठ साधनांची सटीप सूची अधिक मोलाची आहे. आणि शिक्षकांनीही गुण देताना आधी टीप वाचावी, स्वल्पविराम त्यानंतर मोजावेत.